बशी उलटी करून बघा



गावात अधूनमधून एक माणूस फिरत येतो. कधी मोटारसायकलवर, कधी टेम्पो घेऊन. जुनी भांडी, चिनी मातीच्या बरण्या, पितळी समया, चांदीचे जुने दागिने, काही द्यायचं आहे का, असं दारोदार विचारतो. आपण माळ्यावरून एखादी वस्तू काढून त्याच्या हातात देतो. तो पहिलं काय करतो? वस्तू उलटी करतो. तिच्या बुडाकडे बघतो. मग चेहऱ्यावर काहीही न दाखवता ती सरळ ठेवतो आणि भाव सांगतो. त्या घटकाभरात त्यानं काय वाचलं ते आपल्याला कळत नाही. आपला तोटा होतो तो तिथं.

म्हणून आजच्या भागात आम्ही जुन्या वस्तू वाचायच्या कशा, ते सांगणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेतलं आहे लांबच्या देशातलं, इंग्लंडचं. तिथल्या जुन्या कपबश्या, चांदीचे चमचे, दागिने आणि शोभेच्या लहानसहान वस्तू जमवणारे लोक जगभर आहेत. या वस्तूंवरच्या खुणांचा तिथं इतका बारीक अभ्यास झाला आहे, की दोनशे वर्षांपूर्वीचा चमचा कुठल्या गावात, कुठल्या साली तपासला गेला हे त्याच्या दांड्यावरून सांगता येतं. ही नजर एकदा कळली, की ती आपल्या फडताळातल्या वस्तूंनाही लावता येते.

हाडांच्या राखेचा कप

चिनी माती हे नावच सांगतं, की ही कला चीनची. पांढरीशुभ्र, पातळ, उजेडासमोर धरली तर पलीकडचा प्रकाश दिसावा अशी भांडी चीनमधून जहाजांनी युरोपात जात. तिकडच्या श्रीमंतांना त्यांचं वेड लागलं होतं. पण ती करायची कशी, हे युरोपात कुणालाच माहीत नव्हतं. जर्मनीतल्या मायसनला १७१० च्या सुमारास हे गुपित उलगडलं. इंग्लंडमध्ये १७४० च्या दशकात लंडनजवळ चेल्सी आणि बो इथं कारखाने निघाले. मग डर्बी निघालं, १७५१ मध्ये वूस्टर निघालं.

सुरुवातीला भट्टीत भांडी वाकायची, फुटायची. मातीत काय मिसळावं याचे नाना प्रयोग झाले. बोच्या कारखान्यात जनावरांच्या हाडांची राख वापरत. पुढं अठराव्या शतकाच्या शेवटी स्टोक गावच्या स्पोड कारखान्यात तिचं प्रमाण पक्कं बसलं: साधारण निम्मी हाडांची राख, पाव हिस्सा पांढरी चिनी माती आणि पाव हिस्सा कॉर्नवॉल भागातला एक खास दगड. आज आपण दुकानात 'बोन चायना' म्हणून कप मागतो ना, तो हाच. बोन म्हणजे हाड.

असा कप ओळखायची पहिली रीत सोपी आहे. तो उजेडासमोर धरा आणि मागून बोटं फिरवा. बोटांची सावली आतून दिसली तर ती पातळ, उंची चिनी माती. साध्या भाजलेल्या मातीच्या कपातून काही दिसत नाही. दुसरी रीत तर आपल्याला पाठ आहे. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. कपालाही तशीच हलकी टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर कप धड. बद्द आवाज आला तर कुठंतरी केसासारखी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो.

बुडावर काय असतं?

आता कप उलटा करू. बुडावर बहुधा कारखान्याची खूण असते. चेल्सीची खूण जहाजाचा नांगर, वूस्टरच्या जुन्या भांड्यांवर चंद्रकोर. पण नुसत्या खुणेवर भुलायचं नाही, कारण नकली खुणा करणारे तेव्हाही होते. चेल्सीचा खरा नांगर अगदी बारीक असतो, शोधावा लागतो. मोठा ठसठशीत सोनेरी नांगर दिसला, तर जाणकार आधी शंकाच घेतात.

काही खुणा मात्र चांगलं काम करतात. बुडावर 'इंग्लंड' असं देशाचं नाव छापलेलं असेल, तर भांडं बहुतेक १८९१ नंतरचं. कारण अमेरिकेनं कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच. 'मेड इन इंग्लंड' अशी अक्षरं असतील तर ते सहसा विसाव्या शतकातलं. 'बोन चायना' असे शब्द छापलेले असतील तरीही तसंच. चौकोनी शंकरपाळ्यासारखी, कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे असलेली खूण असेल, तर त्या भांड्याच्या घाटाची किंवा नक्षीची सरकारदरबारी १८४२ ते १८८३ या काळात नोंद झालेली. म्हणजे कुणी "दोनशे वर्षांपूर्वीचा कप आहे, राणीच्या घरातला" असं सांगत असेल आणि बुडावर 'मेड इन इंग्लंड' असेल, तर ती गोष्ट तिथंच संपली.

गोष्टीवरून आठवलं. निळ्या रंगात झाडं, पूल आणि वर दोन पक्षी अशी एक नक्षी तिकडं फार गाजली. विलो म्हणजे वाळुंज जातीच्या झाडावरून तिला विलो नक्षी म्हणतात. दोन प्रेमिक पळून गेले आणि त्यांचे पक्षी झाले, अशी या नक्षीमागची चिनी दंतकथा सांगतात. खरं तर नक्षीही इंग्लंडातच तयार झाली आणि कथा नंतर तिथंच जोडली गेली. गोष्टीनं माल खपतो. म्हणून गोष्ट ऐकावी, पण पैसे मोजताना बूड बघावं.

खुणेनंतर बघायची ती झीज. कप ज्या कडेवर टेकतो तिथं वर्षानुवर्षं वापरलेल्या भांड्याला बारीक ओरखडे असतात, कसेही, सगळ्या दिशांनी. मुद्दाम घासून जुनं केलेल्या भांड्याचे ओरखडे एकाच दिशेला जातात. मग टवका उडाला आहे का, कान पुन्हा चिकटवला आहे का, सोनेरी रेघ पुसली आहे का, ते बघायचं. एका टवक्यानं किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते.

आणि एक गोष्ट गाठीला बांधा. जुनं म्हणजे महाग, असं नसतं. छापील निळ्या नक्षीचे कप लाखोंनी निघाले, ते आजही तिकडच्या बाजारात स्वस्तात मिळतात. किंमत येते ती दुर्मीळपणाला, धडपणाला आणि ती वस्तू कुणाला तरी हवी असण्याला.

नक्षीमागचे हात

स्टोक-ऑन-ट्रेंट हा इंग्लंडमधला कुंभारकामाचा मुलूख. सहा गावं मिळून झालेलं शहर. इथल्या कारखान्यांत हजारो बायका आणि मुली राबत. छापील नक्षी कशी होई बघा. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, तिच्यात रंग भरायचा, त्यावर पातळ कागद दाबायचा. तो ओला छाप मुली कातरीनं कापत आणि बायका भांड्यावर चिकटवून ब्रशानं घासघासून रंग उतरवत. जोड कुठं आहे हे दिसलं नाही पाहिजे, यात सगळं कसब. पण बुडावर नाव कारखानदाराचं.

भांड्याला काचेसारखी चकाकी येते ती झिलईमुळे. त्या झिलईत शिसं असे. भांडी झिलईच्या पाण्यात बुडवण्याच्या आणि वाळल्यावर साफ करण्याच्या कामात शिशाची पूड हाताला लागे, नाकातोंडात जाई. पोटात कळा येत, मनगटं लुळी पडत, काहींची दृष्टी गेली. बायकांचे गर्भ पडत, मूल मेलेलं जन्मे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यावर मोठी ओरड झाली. त्याच भागातल्या सदरलँड घराण्याच्या मिलिसेंट या सरदारपत्नीनं कामगारांच्या बाजूनं आवाज उठवला. कारखानदारांनी तिला लुडबुडी ठरवलं, पण सरकारला चौकशी करावी लागली, नियम कडक झाले आणि कमी शिशाची झिलई पुढं आली.

यातून आपणही एक शिकू. जुन्या, रंगीत नक्षीच्या, झिलईला तडे गेलेल्या भांड्यात आंबट काही ठेवू नका. ताक नको, चिंचेचं सार नको, लोणचं नको. आंबटानं शिसं सुटून अन्नात उतरू शकतं. अशी भांडी शोभेलाच ठेवलेली बरी.

बुडावर स्वतःचं नाव आलेल्या बायका थोड्या. त्यातली एक क्लॅरिस क्लिफ. ती तेराव्या वर्षी कारखान्यात कामाला लागली. १९२७ पासून तिच्या भडक नारिंगी, पिवळ्या, निळ्या रंगांच्या भांड्यांचा गाजावाजा झाला आणि प्रत्येक भांड्याच्या बुडावर तिचं नाव छापलं जाऊ लागलं. तिच्या हाताखाली रंगकामाला बहुतेक तरुण मुली होत्या. ती भांडी तेव्हा साध्या घरांत वापरायला जात. आज लिलावात त्यांतल्या निवडक भांड्यांवर मोठी बोली लागते.

साखरेच्या भांड्यावरचा संप

जमवणारे लोक एका साध्या भांड्याला फार जपतात. ते म्हणजे चहाच्या टेबलावरचं साखरेचं भांडं, साधारण १८२० ते १८३० च्या काळातलं. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं, की यातली साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही.

तेव्हा इंग्लंडला साखर येई ती मुख्यतः वेस्ट इंडीजच्या बेटांवरून. तिथं आफ्रिकेतून धरून नेलेले गुलाम उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबत. बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, पार्लमेंटमध्ये जागा नव्हती. पण घरात कुठली साखर आणायची हे त्यांच्या हातात होतं. १७९१ पासून हजारो घरांनी ती साखर बंद केली. पुढं लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या बाईनं १८२४ मध्ये पुस्तिका लिहून गुलामगिरी हळूहळू नको, ताबडतोब संपवा, अशी मागणी केली. १८२५ मध्ये बर्मिंगहॅम भागातल्या बायकांनी आपला स्वतःचा गट काढला. त्या घरोघर जात, वर्गणी जमवत, पत्रकं वाटत. आपल्या बचत गटासारखंच की! काही भांड्यांवर तर हिशोबच लिहिलेला असे, की सहा कुटुंबांनी साखर बदलली तर एक गुलाम कमी लागेल.

त्याआधी १७८७ मध्ये कुंभारकामातला मोठा कारखानदार जोसाया वेजवूड यानं बेड्या घातलेल्या, गुडघे टेकलेल्या माणसाचं चित्र असलेलं रुपयाएवढं लहानसं पदक काढलं. मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का, असा प्रश्न त्यावर होता. बायका ते पदक बांगडीत, केसांच्या काट्यात बसवून घालत. इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला. शोभेच्या वस्तूनं केवढं काम केलं बघा.

ईस्ट इंडियाची साखर म्हणजे आपल्या हिंदुस्थानची. ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडत होतं, ते मात्र त्या भांड्यावर लिहिलेलं नव्हतं. ऊसतोडीला जाणाऱ्या सख्यांना हे वेगळं सांगायला नको.

चांदीवरचे ठसे

इंग्लंडमध्ये चांदी तपासून ठसा मारायचा कायदा इसवी सन १३०० चा आहे. लंडनमध्ये सोनारांच्या संघाची मोठी इमारत होती, तिला हॉल म्हणत. त्या हॉलमध्ये मारलेली खूण म्हणून 'हॉलमार्क'. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला तपासलेली, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला. एक अक्षर सालाचं. आणि कारागिराच्या नावाची आद्याक्षरं.

अशा जुन्या चमच्यांवर, साखरेच्या चिमट्यांवर 'एच बी' ही अक्षरं सापडली, की जमवणारे खूश होतात. ही हेस्टर बेटमन. तिचा नवरा १७६० मध्ये वारला, आपली हत्यारं तिच्या नावे ठेवून गेला. पन्नाशीतल्या हेस्टरनं १७६१ मध्ये सोनारांच्या हॉलमध्ये स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला आणि मुलांना हाताशी घेऊन पुढची तीसेक वर्षं धंदा वाढवला. तिच्यानंतर सुनेचाही ठसा नोंदला गेला.

आपल्याकडेही आता सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो. दागिना घेताना तीन गोष्टी बघा. बीआयएसची त्रिकोणी खूण, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरटला ९१६) आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला, की दागिना कुठल्या केंद्रात तपासला ते कळतं. ठसा फार बारीक असतो, म्हणून सराफाकडे भिंग मागा. मागायला लाजू नका.

दागिना कुणाचा?

राणी व्हिक्टोरियाचा नवरा १८६१ मध्ये वारला आणि राणी पुढची चाळीस वर्षं काळे कपडे नेसली. देशभर काळ्या दागिन्यांची रीत आणखी पसरली. व्हिटबी गावच्या किनाऱ्यावर जेट नावाचा काळा पदार्थ मिळतो. कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या लाकडाचा तो झालेला असतो. त्याचे हार, पिना करायला शेकडो कारागीर लागले. खरा जेट हलका आणि हाताला उबदार लागतो. त्याच्या नावावर खपवलेली काळी काच थंड आणि जड लागते. तिकडं विधवा काळा का होईना, दागिना घालत होती. आपल्याकडं तिच्या अंगावरचं उतरवून घेत. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पण तिकडच्या बायकांचंही सगळं गोड नव्हतं. लग्न झालं, की बाईच्या हातातल्या पैशावर, वस्तूंवर कायद्यानं नवऱ्याचा हक्क येई. तिच्या अंगावरचे दागिनेही तो हयातीत विकू शके. श्रीमंत घरं वकिलाकडून मुलींसाठी वेगळी सोय करत, गरिबांना ते कुठलं परवडायला? १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी हे बदललं. आपल्याकडे हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १४ प्रमाणे हिंदू स्त्रीला लग्नात किंवा भेट म्हणून मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिची असते. दागिन्याच्या मागचा ठसा वाचाल तेव्हा पावतीवर नाव कुणाचं आहे, तेही वाचा.

जमवणारी बाई

इंग्लिश चिनी मातीची सगळ्यात नामांकित जमवणारी एक बाईच होती. लेडी शार्लट श्रायबर, जन्म १८१२. पहिल्या लग्नाची दहा मुलं. १८५२ मध्ये नवरा वारल्यावर वेल्समधला भला मोठा लोखंडाचा कारखाना तिनं सांभाळला. पुढं दुसरं लग्न केलं आणि दोघं युरोपभर जुन्या वस्तू शोधत हिंडले. कुठल्या दुकानात काय मिळालं याची ती रोजनिशीत नोंद ठेवी. दुसरा नवरा १८८४ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ तिनं संग्रह लंडनच्या संग्रहालयाला दिला. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय म्हणून ओळखलं जातं.

पैसा तिच्याकडे होताच. पण नुसत्या पैशानं असा संग्रह होत नाही. वस्तू हातात आली की ती काय आहे, हे तिला विकणाऱ्यापेक्षा जास्त कळे. सख्यांनो, या व्यवहारात फायदा कायम जाणणाऱ्याचा. आपण विकणाऱ्या बाजूला असतो, म्हणून जाणणं आपल्याला जास्त गरजेचं.

आपल्या रोजच्या वस्तूंनाही असं मोल असतं, हे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जाऊन बघा. दिनकर केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीनं खेडोपाडी फिरून अडकित्ते, दिवे, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि सगळं सरकारला देऊन टाकलं. संग्रहालयाला नाव आहे त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं.

आता एवढं करा

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणावी. ती उलटी करून बघावी. ठसा, अक्षर, नाव, काय असेल ते वहीत उतरवावं, मोबाइलवर फोटो काढावा. ही वस्तू कुणाची, कधी घरात आली, हे सासूबाईंना, आजीला विचारून लिहावं.

जुनं पितळ, चांदी राखेनं किंवा चिंचेनं लखलखीत घासू नका. ठसे झिजतात. अडकवायची कडी तुटली तरी जपून ठेवा, फेकू नका.

दारावर आलेल्या माणसाला लगेच हो म्हणू नका. दोन ठिकाणी भाव विचारा. सोनं-चांदी असेल तर आधी वजन आणि शुद्धता तपासून घ्या.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, चित्रं यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. देवघरातली जुनी मूर्ती कुणी गुपचूप मागत असेल, तर ग्रामपंचायतीला कळवा.

विकायचं की ठेवायचं, हे ज्याच्या त्याच्या घरच्या गरजेवर आहे. अडचणीला वस्तू विकावी लागली तर त्यात कमीपणा नाही. फक्त समोरचा जे वाचतो आहे, ते आपल्यालाही वाचता आलं पाहिजे. तुमच्या वहीत काय काय नोंदलं गेलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात आपण त्याबद्दलच बोलू.